पेटीचा ठराव

बर्फाच्या चारच लाद्या मिळतील, असं कैलासनं हिंगणघाटहून फोनवर सांगितलं, तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि कोकिळाकाकूंना जमिनीवर घेऊन अडीच तास उलटले होते. लग्नसराई होती. बाकीचा सगळा बर्फ मंगल कार्यालयांनी आधीच उचलला होता. मी फोन कानाला तसाच धरून वासुदेवकाकांना विचारलं, काय सांगू? काका खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. आणू दे, म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, "एका लादीचे किती घेऊन राह्यला तो?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. ज्या माणसानं चौतीस वर्षं जिनिंगच्या वजनकाट्यावर कारकुनी केली, कापसाच्या गाडीवर बसलेल्या पोराला खाली उतरवून मगच वजन धरलं, त्याच्या तोंडून त्या वेळी दुसरं काय निघणार होतं? आपण काय विचारलं हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. चष्मा पुसून झाला तरी ते पुसतच राहिले.

आमचं गाव वडनेरच्या अलीकडे, हायवेपासून तीन किलोमीटर आत. काकांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. माझी पिठाची चक्की आहे आणि चक्कीचा ओटा हे काकांचं व्यासपीठ. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी पेपर घेऊन ते तिथे बसायचे आणि दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला राज्याचा कारभार समजावून सांगायचे. राज्यावर कर्ज किती, त्याचं व्याज किती, कोणत्या योजनेला पैसा कुठून वळवला, सगळं तोंडपाठ. फुकट वाटण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे यायला लागले तेव्हा गावातल्या सगळ्या बायकांनी फॉर्म भरला. मीही भरला आणि त्या पैशातून चक्कीचा पट्टा बदलला. काकूंचा फॉर्म भरला गेला नाही. "मतं विकत घ्यायचा धंदा हाय हा," काका म्हणायचे, "आपल्याच खिशातले काढते अन् आपल्यालेच ओवाळणी घालते." फार झालं की मी चक्की सुरू करायची. त्या आवाजातही त्यांचे ओठ हलत राहायचे.

पण माणूस खोटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. घरकुलाच्या यादीत चुकून आलेलं स्वतःचं नाव त्यांनी अर्ज करून कापून घेतलं. एसटीत त्यांच्या वयाला अर्धं तिकीट असायचं, ते मात्र पूर्ण तिकिटाचे पैसे पुढे करायचे आणि कंडक्टरशी हुज्जत घालायचे. काकू खिडकीकडे तोंड करून बसायच्या.

त्या दिवशी पहाटे पाणी भरताना काकूंच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका हायवेवरून आत वळेपर्यंत सगळं संपलं होतं. एकुलती एक मुलगी सुरभी. जावई फौजेत, त्यांचं पोस्टिंग आसामात जोरहाटला. साडेसहाला मीच सुरभीला फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मी येऊन राह्यली, बाबा. उद्या दहा-अकरापर्यंत पोचतो. मी येईस्तोवर आईले नेऊ नका."

"बरं," काका म्हणाले.

एवढंच. पण हा शब्द देणारा माणूस गावात सगळ्यांना माहीत होता. म्हणून मी आणि कैलास कामाला लागलो. कैलास म्हणजे काकांचा पुतण्या. उद्या अकरापर्यंत म्हणजे अठ्ठावीस तास काढायचे होते, आणि मे महिन्याचा तो तिसरा आठवडा होता. आदल्या दिवशी वर्ध्याचा पारा शेहेचाळीसच्या वर गेला होता.

शवपेटीसाठी, म्हणजे देह थंड ठेवणाऱ्या पेटीसाठी, मी आठ ठिकाणी फोन केले. हिंगणघाटच्या दोन्ही पेट्या बाहेर गेलेल्या. बोरगाव मेघेच्या एका मंडळाची पेटी एका घरी लागलेली होती. सिंदी मेघेचा एक जण म्हणाला, ताई, उद्या सकाळी आमची माती झाली की लगेच पाठवतो. त्या उन्हानं म्हातारी माणसं पटापट चालली होती. शेवटी कुठेच पेटी मिळेना तेव्हा कैलास माझ्याकडे बघत म्हणाला, "आपल्या गावात असती तं."

पेटी का नव्हती, हे आम्हा दोघांना आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी पेटीचा ठराव मांडला होता. तेव्हा मी ग्रामपंचायतीची मेंबर होते, महिलांच्या राखीव जागेवरून. वित्त आयोगाचा पैसा आला होता आणि त्यातून एक पेटी घ्यावी, असं माझं म्हणणं. गावातली अर्धी पोरं बाहेर. कोणी पुण्यात, कोणी सुरतेला, कोणी फौजेत. आईबाप इथे. मी चार दिवस आधीपासून भाषणाची तयारी केली होती आणि बोललेही बरी. टाळ्या पडल्या.

मग वासुदेवकाका उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. आधी शाळेच्या व्हरांड्यात तीन वर्षांपासून बंद पडलेलं पाण्याचं मशीन दाखवलं. ते कितीला घेतलं, किती महिने चाललं, दुरुस्तीला कोण आलं नाही, सगळं सांगितलं. पेटी वर्षाला चार वेळा लागेल, म्हणाले, आणि बाकीचे दिवस तिच्यात उंदीर राहतील. शाळेमागे नाली नाही, पोरं डासांनी तापतात, तो पैसा तिथे लावा. आणि बसता बसता म्हणाले, "जितेपणी ज्याची तब्येत विचारली नाई, त्याले मेल्यावर थंडा ठेवून कोणाले दाखवता?"

सभा हसली. मीसुद्धा हसले, खरं सांगते. वाक्यच तसं होतं. ग्रामसेवकानं हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूनं बायकांच्या रांगेतून अकरा हात वर झाले. त्यात एक कोकिळाकाकूंचा होता. काकांनी तिकडे पाहिलंही नव्हतं, तरी तो हात हळूहळू खाली आला आणि पदर सारखा करायला लागला. ठराव नामंजूर झाला. नाली बांधली गेली. चांगली बांधली गेली आणि पुढच्या पावसाळ्यात पोरं कमी तापली, हेही खरं आहे. माणूस चुकला होता असं मला आजही म्हणता येत नाही, आणि तीच तर पंचाईत आहे.

दुसऱ्या दिवशी काकू दळण घेऊन आल्या. ज्वारीचा डबा खाली ठेवून म्हणाल्या, "त्यायचं बरोबर हाय, छाया. पण सुरभी लई दूर हाय वं." मग त्यांनी विषय बदलला. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

बर्फ आला. काकूंच्या दोन्ही अंगांना दोन-दोन लाद्या लावल्या, वर भुसा आणि ओलं पोतं. कूलर लावला. अकरापर्यंत खोली बरी होती. साडेअकराला लाइट गेली. दुपारी एकपर्यंत लाद्यांचे विटेएवढे तुकडे उरले. पाणी मोरीतून बाहेर पडून पुढे शाळेमागच्या त्या नालीला मिळत होतं. कैलास पुन्हा हिंगणघाटला गेला आणि साडेतीनला रिकाम्या हातानं परत आला. जिजाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकदा उठून काकूंच्या तोंडावरचा पदर बाजूला केला, पाहिलं, परत झाकलं आणि काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"वासुदेव," ती म्हणाली, "बाईची शोभा रायली पाह्यजे. आता ठेवू नको."

काका उठून आत आले. दारातच उभे राहिले. खोलीत बर्फाच्या पाण्याचा, उदबत्तीचा आणि आणखी एक वास होता, जो लपवायला आम्ही उदबत्ती लावली होती. ते पाच मिनिटं तसेच उभे होते. मी मनात म्हणत होते, आता रडतील. माझं स्वतःचं रडणं सकाळीच कुठेतरी आटून गेलं होतं. हात कामं करत होते आणि डोकं रिकामं होतं. काकांनी सुरभीला फोन लावला. बंद होता. ती विमानात होती. त्यांनी आणखी एकदा लावला. मग बाहेर येऊन कैलासला म्हणाले, सामान आण.

"काका, सुरभीले आपण हो म्हटलं हाय."

"म्हटलं हाय," काका म्हणाले. "सामान आण."

आम्ही बायकांनी काकूंना आंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. कैलासनं खिशातून मोबाइल काढला. सुरभीसाठी एक फोटो घेऊ का, असं त्यानं हळूच विचारलं, पण जिजाबाईनं नुसती मान हलवली आणि त्यानं तो परत ठेवला. त्या वेळी कोणालाच ते चुकीचं वाटलं नाही. मग सवाष्णीला नवऱ्यानं कुंकू लावायचं म्हणून काकांना बोलावलं. ते गुडघ्यावर बसले. करंड्यात बोट बुडवलं आणि कपाळावर टेकवलं. उठताना त्यांना कैलासच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पाचच्या सुमाराला काकूंना नेलं. अग्नी कैलासनं दिला.

सहाच्या सुमाराला सुरभीचा फोन आला. ती कलकत्त्याला उतरली होती, पुढचं विमान पहाटेचं होतं. काकांनी फोन उचलला, नाव पाहिलं आणि माझ्याकडे दिला. पलीकडून तिनं पहिलं हेच विचारलं, आईले पेटी भेटली ना? मी सांगितलं. बर्फाचं सांगितलं, लाइटीचं सांगितलं. सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मग ऐकत राहिले. तिकडे विमानतळावरची घोषणा चालू होती. ती संपल्यावर सुरभी बापासारखंच म्हणाली, "बरं."

त्यानंतर माणसं बसायला आली. घरात चूल पेटवायची नव्हती म्हणून मी माझ्याकडून पिठलं-भाकरी आणली होती आणि आतल्या खोलीत ताटं लावत होते. अंगणात दहा-बारा पुरुष सतरंजीवर बसले होते. कोणी म्हणालं, ऊन फार आहे यंदा. दुसरा म्हणाला, फार. शेवटी रामाजीनं, जो चक्कीवर रोज काकांशी वाद घालायचा, अगदी नरम आवाजात विचारलं की वासुदेवराव, त्या योजनेतली नावं कापून राह्यले म्हणते, ते काय प्रकरण आहे?

मला वाटलं, या माणसाला आता कोणीतरी गप्प करावं. पण काका बोलायला लागले. रोजच्याच आवाजात. निवडणुकीच्या आधी सगळ्यांना पैसे वाटले, आता तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा चाळणी लावली, म्हणाले. घरात येतं तेवढ्यातच घर चालवावं लागतं, मग राज्याला वेगळा न्याय कसा? कंत्राटदारांची बिलं थकली आहेत, शाळेत मास्तर नाही, आणि रोज नवी घोषणा. सरकार कोणाचंही असो, सकाळी या पक्षात असलेला माणूस संध्याकाळी त्या पक्षात, कोणाला बोलणार? आकडे आले, टक्के आले, मागच्या वर्षीचं आणि यंदाचं. एकही आकडा अडखळला नाही. अंगणातली माणसं हळूहळू सैल झाली. कोणी हुंकार दिला, कोणी मुद्दा काढला. कोणीतरी थोडं हसलंसुद्धा आणि लगेच गप्प झालं.

मी दाराआडून पाहत होते. ते बोलत होते खरे, पण मान वर करून कोणाकडे बघत नव्हते. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर कुंकू तसंच होतं. आंघोळ करूनही गेलं नव्हतं. जाताना रामाजी मला म्हणाला, सावरला बरं माणूस. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

ताट त्यांच्यापुढे ठेवलं. ते अर्धी भाकर जेवले. पाणी पिऊन म्हणाले, "छाया, तुह्या ठरावाच्या वेळी मी बोललो, ते गलत होतं का?"

मी दोन वर्षं या प्रश्नाची वाट पाहत होते, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. उत्तरंही तयार होती, एकापेक्षा एक तिखट.

"नाई, काका," मी म्हटलं. "नाली कामाची हाय."

त्यांनी मान डोलावली आणि ताट बाजूला सारलं. माझ्या उत्तरानं त्यांचं काही हलकं झालं नाही. झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सुरभीची टॅक्सी आली. ती एकटीच होती, खांद्याला एक बॅग. दारात जमलेल्या बायकांनी तिला बघून गळा काढला. ती त्यांच्या मधून सरळ आत आली. जिथे काकूंना ठेवलं होतं तिथे आता दिवा होता. ती त्याच्यासमोर बसली. फरशीवर हात फिरवला. कोरडी होती, सकाळीच मी पुसली होती. काका भिंतीशी खुर्चीवर बसले होते ते उठून तिच्याजवळ खाली आले आणि मांडी घालून बसले. त्यांना वाकायला त्रास होतो, तरी बसले.

मला वाटलं, ती आता बोलणार. का थांबला नाहीत, विचारणार. माझ्या मनात तर त्यांच्या बाजूनं सगळी उत्तरं मांडून झाली होती. बर्फ, लाइट, जिजाबाई. मी दाराशी उभी राहून वाट पाहत होते. सुरभीनं तसलं काही विचारलं नाही. ती दिव्याकडे बघत साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आई कशी दिसत होती?"

काकांनी लगेच तोंड उघडलं. त्यांना कोणी काही विचारलं आणि उत्तर तयार नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. पुन्हा तोंड उघडलं.

"चांगली," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मले ठाऊक नाई वं, बाई. मी कुंकू लावलं. पण तोंड पाह्यलं नाई. मले वाटलं, तू आली का पाहू संगच."

सुरभीनं त्यांच्याकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसता त्यांचा तो हात धरला आणि मांडीवर ठेवून घेतला. कूलर घरघरत होता. बाहेर कोणीतरी बसायला आलं होतं. कैलासनं त्याला अंगणातच थांबवलं.

मग काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू होती ना," ते म्हणाले. "तू सांग आमाले."

मी त्यांच्यापुढे बसले. मी म्हटलं, एक डोळा जरासा उघडा राहिला होता, तो मी बंद केला. केस काळेच वाटत होते, ओले होते म्हणून. हनुवटीवरचं गोंदण उन्हात दिसतं तसं निळं दिसत होतं. कपाळावर एकही आठी नव्हती. सुरभी डोळे मिटून ऐकत होती. काका पुढे झुकले होते, कानामागे हात धरून, एखादा शब्द सुटू नये म्हणून. मी थांबले.

"अजून सांग," काका म्हणाले.